कंपन्यांच्या पाट्यांआडची गावे

आठवीच्या वर्गाला मी निबंधाचा विषय दिला होता, ‘माझे गाव’. विषय जुनाच. शिक्षक बदलतात, पुस्तके बदलतात, हा विषय काही बदलत नाही. मी तेव्हा चाकणजवळच्या एका शाळेत मराठी शिकवीत होते. रविवारी दुपारी वह्या तपासायला घेतल्या आणि घरबसल्या अर्धा महाराष्ट्र हिंडून आले. कुणी लातूरकडचे खेडे लिहिले होते, कुणी परभणीचे, कुणी जतचे. एका मुलीने मोडक्यातोडक्या पण गोड मराठीत गोरखपूरजवळची आमराई लिहिली होती. मे महिन्यात पाहिलेली विहीर, आजोबांची बैलजोडी, देवळापुढचा पार, सारे काही आले होते. नव्हते ते फक्त चाकण. आणि या मुलांपैकी निम्मीअधिक मुले चाकणमध्येच जन्मलेली होती!

अपवाद एकाच वहीचा. एका मुलाने लिहिले होते, ‘माझे गाव चाकण आहे. येथे पाहण्यासारखे काही नाही. येथे फक्त कंपन्या आहेत.’ एवढेच. खाली पान कोरे.

निबंध म्हणून त्याला फार गुण देता येत नव्हते. पण मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिले. कारण तो मुलगा लिहीत होता तेच मीही इतकी वर्षे पाहुण्यांना सांगत आले होते. लग्न होऊन चिंचवडला आले त्याला तेव्हा तीस वर्षे होत आली होती. घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना लोणावळ्याला नेत असू, सिंहगडला नेत असू, फार झाले तर आळंदी-देहू. ‘तुमच्या इथं काय बघण्यासारखं आहे?’ असे कुणी विचारलेच, तर आमचे ठरलेले उत्तर असे, ‘इथं काय, सगळ्या कंपन्याच!’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि त्या मुलाला म्हटले, ‘तुझ्या गावात किल्ला आहे, ठाऊक आहे का?’

तो हसला. ‘बाई, किल्ला डोंगरावर असतो. चाकणला डोंगर कुठाय?’

पंचावन्न दिवसांचे गाव

चाकणचा संग्रामदुर्ग डोंगरावर नाही, हे खरेच. तो भुईकोट आहे, म्हणजे सपाट जमिनीवरचा कोट. भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो, म्हणून भोवती खंदक खणायचा, पाणी खेळवायचे, आणि दरवाज्याची वाट अशी वळणावळणाची करायची की आत शिरणारा शत्रू माऱ्यात सापडावा. चाकणला अशा कोटाची गरज होती, कारण कोकणातून घाट चढून वर आलेला माल आणि जुन्नर-नगरकडे जाणाऱ्या वाटा येथून जात. आज कंटेनर ज्या कारणासाठी चाकणला येतात, त्याच कारणासाठी एके काळी फौजा येत. बहामनी काळापासून या ठाण्यासाठी माणसे मरत आली होती.

१६६० च्या जून महिन्यात शाहिस्तेखान येथे आला. शिवाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले. संग्रामदुर्गाचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्याच्याजवळ मूठभर मावळे. समोर मोगलांचे अफाट सैन्य. खानाला वाटले असेल, हा मातीचा ढेकूळ चार दिवसांत विरघळेल. पण पावसाळा लागला, मोर्चे चिखलात रुतले, आणि चार दिवसांचे पंचावन्न दिवस झाले. शेवटी मोगलांनी जमिनीखालून सुरुंग नेऊन एक बुरूजच उडवून दिला. तरीही त्या दिवशी आत शिरता आले नाही. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला तेव्हा खानाची अडीचशेहून अधिक माणसे ठार आणि सुमारे सहाशे जखमी झाली होती. एवढ्याशा कोटासाठी इतकी किंमत मोजावी लागली, म्हणून पुढे डोंगरी किल्ल्यांना वेढे घालण्याच्या फंदात खान पडला नाही, असे इतिहासकार सांगतात. खानाने फिरंगोजीला आपल्या चाकरीत येण्याचे आमिष दाखवले. तो गेला नाही. महाराजांकडे परत आला, आणि महाराजांनी हरलेल्या किल्लेदाराचा सन्मान केला.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली आणि पुढच्याच शनिवारी शाळा सुटल्यावर वीस-बावीस मुले घेऊन किल्ला शोधायला निघाले. ‘शोधायला’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. बाजारात एका फळवाल्याला विचारले, ‘दादा, किल्ला कुठे?’ तो म्हणाला, ‘कुठला किल्ला? राजगुरुनगरला जायचंय का?’ एका रिक्षावाल्याने आम्हांला ज्या दिशेने पाठवले तिकडे नुसते गोदाम निघाले. अखेर टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी काठीने दाखवले, ‘ह्या गल्लीनं जावा. घरं संपली की तट दिसंल.’ आणि खरोखरच, घरे संपता संपता तट दिसला. बुरूज, ढासळलेली भिंत, दरवाज्याचे अवशेष, आणि जेथे एके काळी पाण्याने भरलेला खंदक होता तेथे बुजत चाललेली सखल जागा.

गेल्या काही वर्षांत तेथे डागडुजी झाली आहे, दुर्गप्रेमी तरुण साफसफाई करीत असतात. पण त्या दिवशी मुलांनी जे पाहिले ते असे, की मोगलांच्या तोफांपुढे पंचावन्न दिवस टिकलेला कोट गावाच्या विसरभोळेपणापुढे मात्र टिकत नव्हता. खंदक शत्रूने बुजवला नव्हता. तो कचऱ्याने आणि घरांच्या पायांनी बुजला होता.

‘किल्ला डोंगरावर असतो’ म्हणणारा मुलगा बुरुजाच्या दगडाला हात लावून उभा होता. म्हणाला, ‘बाई, मी इथनं रोज जातो. मला वाटायचं कुणाच्या तरी वाड्याची भिंत आहे.’

चाक आणि चाकण

त्यानंतर आमच्या शनिवारच्या फेऱ्याच सुरू झाल्या. पहिली फेरी गावाबाहेरच्या चक्रेश्वराच्या देवळात. दशरथ राजाच्या रथाचे चाक येथे निखळून पडले, म्हणून हा चक्रेश्वर आणि म्हणून गावाचे नाव चाकण, असे गावकरी सांगतात. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरणार नाही. पण ज्या गावाचे नाव रथाच्या चाकावरून पडले असे लोक मानतात, त्याच गावात आज मोटारगाड्या तयार होतात, हा योग मुलांना भारी आवडला. देवळाच्या आवारात एक भग्न यज्ञवराह आहे. वराह म्हणजे विष्णूचा अवतार, येथे तो पशुरूपात घडवलेला, आणि त्याच्या अंगावर देवतांच्या बारीक बारीक मूर्ती ओळीने कोरलेल्या. मूर्ती फुटकी आहे, तरी कारागिराचा हात कळतो. असा वराह दुसऱ्या एखाद्या देशात असता तर काचेआड ठेवून त्याच्यावर दिवा सोडला असता. आमच्या मुलांनी त्याच्या पाठीवरच्या मूर्ती मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता भांडणे केली. माझ्या मते तीही त्या वराहाची एक पूजाच.

चाकणची तिसरी ओळख तेलाच्या घाण्याची. संताजी जगनाडे यांचा जन्म १६२४ मध्ये चाकणचा, धंदा तेल्याचा. तुकोबांच्या कीर्तनात ते रमले आणि पुढे त्यांचे अभंग लिहून ठेवू लागले. आज आपण जी गाथा उघडतो, तिच्यामागे संताजींसारख्या माणसांच्या वह्या आहेत. तेलाचे हात पुसून लेखणी धरणारा हा माणूस नसता तर मराठीचे केवढे धन वाऱ्यावर गेले असते! त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तळेगाव-चाकण रस्त्याने रोज हजारो कामगारांच्या बसगाड्या सुदुंबऱ्यावरून जातात. कामावरून परतणाऱ्या, हाताला ऑईल लागलेल्या एखाद्या पोराला कुणी तरी सांगायला हवे, की येथे झोपलेला माणूसही दिवसभर राबून संध्याकाळी लिहीत असे.

तुकोबांचे तीन डोंगर

ज्या पट्ट्याला आपण औद्योगिक पट्टा म्हणतो, तो खरे म्हणजे तुकोबांच्या एकांताचा पट्टा आहे. देहूच्या घरात गलबला झाला की ते ज्या तीन डोंगरांकडे जात असे परंपरा सांगते, ते तिन्ही याच भागात येतात. इंदुरीजवळचा भंडारा, शिंदे-वासुलीकडचा भामचंद्र आणि देहूरोडच्या पुढचा घोरावडेश्वर.

घोरावडेश्वराला जायला सर्वांत सोपे. लोकलने घोरावाडी स्टेशनला उतरावे, जुना मुंबई रस्ता ओलांडावा आणि चढू लागावे. अर्ध्या-पाऊण तासात माणूस लेण्यांपाशी पोहोचतो. शेलारवाडीची लेणी म्हणून अभ्यासक ओळखतात ती हीच. दोन हजार वर्षांच्या घरातली बौद्ध लेणी, पुढे त्यांतल्या एकीत महादेव आला, महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते. पण मुलांना मी थांबवले ते एका ब्राह्मी शिलालेखापुढे. धेनुकाकट गावच्या एका नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोने, आपल्या मुलासह, हे लेणे दान दिले, असे त्यात कोरले आहे. राजा नाही, सावकार नाही. नांगर धरणाऱ्याची बायको! दोन हजार वर्षांपूर्वी ती बाई आपल्या गाठीचा पैसा घेऊन आली, पाथरवटाला दिला, आणि आपल्या घराची आठवण डोंगरात ठेवून गेली. त्या डोंगरावरून खाली पाहिले की द्रुतगती मार्ग दिसतो, रेल्वे दिसते, कारखान्यांची पत्र्यांची छपरे दिसतात. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘बाई, माझी आईपण शेतातच जायची. इथं आल्यावर कंपनीत लागली.’

डोंगराच्या अलीकडे देहूरोड आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. एकाच फेरीत, तीन-चार किलोमीटरच्या आत, दोन हजार वर्षांपूर्वीचे लेणे, तुकोबांचा एकांत आणि बाबासाहेबांनी बसवलेली मूर्ती. याला जर ‘पाहण्यासारखे काही नाही’ म्हणायचे, तर पाहण्यासारखे म्हणजे काय?

भामचंद्राची गोष्ट मात्र थोडी वेगळी. तेथे गुहा आहेत, शांतता आहे, आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत येऊन ठेपलेले कारखाने आहेत. २००८ मध्ये शिंदे-वासुली परिसरात एका बहुराष्ट्रीय रसायन कंपनीचे संशोधन केंद्र उभे राहत होते. वारकरी आणि गावकरी विरोधात उभे राहिले, आंदोलन तापले, आणि अखेर कंपनीने ती जागा सोडली. उद्योग यावा की न यावा, या वादात मला येथे पडायचे नाही. या पट्ट्यातल्या हजारो घरांची चूल कारखान्यांवरच पेटते, माझ्या घराचीही पेटली. सांगायचे एवढेच, की तो डोंगर राहिला याचे कारण त्याची गोष्ट लोकांच्या तोंडी होती. ज्या डोंगराची गोष्ट कुणाला सांगता येत नाही, त्या डोंगराची खडी होते आणि त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नाही.

एका लोकलच्या तिकिटात

ज्यांना चाकणपर्यंत जाणे होत नाही, त्यांच्यासाठी पुणे-लोणावळा लोकलच्या वाटेवरही कमी नाही. दापोडीला उतरा. येथे कॅप्टन फोर्डचा बंगला होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो घेतला आणि १८२८ मध्ये तेथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या बागेचा प्रमुख झाला. त्याने १८४७ ते १८५० या काळात झाडाफुलांची जी रंगीत चित्रे काढून घेतली, ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत आणि त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाला आहे. जगातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना दापोडी ठाऊक आहे ती या चित्रांमुळे. बाग आज नाही, आणि दापोडीतल्या किती जणांना ती होती हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पिंपरीला उतरा. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे देशात पेनिसिलिन बनू लागले. याच कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला, त्यापासून ‘हमायसिन’ हे बुरशीनाशक औषध मिळाले. त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. गावाच्या नावाने वाडी वसते, रस्ता होतो, पण गावाच्या नावाने जंतू ओळखला जावा हा मान पिंपरीचाच! हे ऐकून मुले इतकी हसली की डब्यातले लोक वळून पाहू लागले. पण परत शाळेत आल्यावर ते नाव फळ्यावर न चुकता लिहून दाखवणारीही तीच.

चिंचवडला उतरा. पवनेकाठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आणि जवळच मंगलमूर्ती वाडा. थोडे पुढे चापेकरांचा वाडा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर झालेल्या हल्ल्यात सामील असलेले दामोदर आणि बाळकृष्ण आणि त्यांचा धाकटा भाऊ वासुदेव, तिघेही या गावचे. तिघेही १८९८-९९ मध्ये वर्षभराच्या अंतराने फासावर गेले. त्या घरातल्या आईने ते वर्ष कसे काढले असेल, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारला. मला उत्तर देता आले नाही. पण तो प्रश्न विचारायला त्या वाड्यातच उभे राहावे लागते, हे मात्र कळले.

आयर्लंडमधली किल्ली

माझ्या बहिणीचा मुलगा कामासाठी चार वर्षे आयर्लंडमध्ये होता. तो सुट्टीत आला तेव्हा मी त्याला आमच्या फेऱ्यांचे कौतुक सांगत होते. तो म्हणाला, ‘मावशी, तिकडं तर प्रत्येक खेड्यात असं असतं. हजार वस्तीचं गाव, एक पडकं चर्च, एक जुना दगड, एक पवित्र विहीर. बास. पण बघायला माणसं येतात.’

मला वाटले, श्रीमंत देश, सरकार पैसा ओतत असेल. तो म्हणाला तसे नाही. रस्त्याच्या फाट्यावर लहानशी पाटी असते, इकडे अमुक, दोन किलोमीटर. जागेवर पोहोचलात की दुसरी पाटी, चार ओळींची. फाटकाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे मिळेल ते लिहिलेले असते. बहुधा शेजारच्याच घरात. तुम्ही दार वाजवायचे, आजी बाहेर येते, किल्ली देते, आणि किल्लीबरोबर अर्धा तास गोष्टीही देते. विहिरीच्या संताचा ठरलेला दिवस असतो, त्या दिवशी लोक जमतात, प्रदक्षिणा घालतात. ‘आपल्या जत्रेसारखंच,’ तो म्हणाला. त्या देशात १९५८ पासून नीटनेटक्या गावांची स्पर्धा चालू आहे. आपल्याकडे २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले, त्याची आठवण व्हावी अशी. गावातले लोक संध्याकाळी एकत्र येतात, गवत कापतात, कुंड्या लावतात, पाट्या रंगवतात. जुन्या भिंतीवर रोप उगवले तर ते उपटण्याआधी जाणकाराला विचारतात.

त्याचे बोलणे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे काठीने वाट दाखवणारे ते आजोबा आले. त्यांच्याजवळही किल्ली होतीच की! फक्त ती कुठे मिळते हे फाट्यावर कुणी लिहिलेले नव्हते.

आपल्या गावांत जुने कमी नाही. आयर्लंडमधल्या त्या खेड्याच्या मानाने तर खूपच आहे. कमी आहे ते यजमानपण. आलेल्याला ‘या, बसा, हे बघा, याची गोष्ट अशी’ म्हणणारे कुणी नाही. आणि हे यजमानपण आमच्या गावांनी काही आळसाने सोडलेले नाही, हेही सांगायला हवे. १९७० मध्ये आकुर्डी, भोसरी, चिंचवड, पिंपरी ही गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, १९९७ मध्ये आणखी १८ गावे आत आली. एका पिढीत शेताचे प्लॉट झाले, पाटलाचा मळा सोसायटी झाला, ओळखीच्या दहा घरांच्या जागी अनोळखी हजार घरे आली. घरात एकाएकी हजार पाहुणे उतरले तर यजमान गोंधळतोच. तो दार लावून घेतो, किंवा दुकान उघडतो. गोष्ट सांगायला त्याला उसंत राहत नाही.

तरी जेथे जत्रा टिकली तेथे यजमानपणही टिकले आहे. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडकडे म्हातोबाचे बगाड निघते. एरवी ज्या रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते, तेथे त्या दिवशी गुलाल-भंडारा उधळत माणसांचा लोंढा चालतो. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेले कितीतरी तरुण कडेला उभे राहून पाहत असतात. त्यांच्यापैकी कुणी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारतो, ‘काका, हे काय आहे?’ आणि काका सांगू लागतात. त्या पाच मिनिटांत तो तरुण भाडेकरूचा गावकरी होतो.

आणखी थोडे पुढे

ज्यांना पूर्ण दिवस काढता येईल त्यांनी चाकणच्या पुढे खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला जावे. भीमेच्या काठावर हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा वाडा आहे. १९०८ चा त्यांचा जन्म, २३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात फाशी. त्याच गावात सतराव्या शतकाच्या आरंभीची दिलावरखानाची मशीद आणि कबर आहे. वाड्याला जाणारी माणसे कबरीकडे वळत नाहीत, पण वळावे. आणखी पुढे भीमेकाठी चास. पहिल्या बाजीरावाची पत्नी काशीबाई या चासच्या जोश्यांची लेक. सोमेश्वराचे देऊळ, त्यापुढची मोठी दगडी दीपमाळ आणि नदीचा घाट पाहिला की पेशव्यांच्या घरात गेलेली ही मुलगी कोणत्या अंगणात खेळली असेल ते डोळ्यांपुढे येते. खेडच्या दुसऱ्या अंगाला दावडी. बडोद्याचे गायकवाड मूळचे येथले. जवळच निमगावचा टेकडीवरचा खंडोबा. एका तालुक्यातून एक क्रांतिकारक, एक पेशवीण आणि एक राजघराणे बाहेर पडले, आणि त्या तालुक्याची ओळख आपण ‘प्लॉट मिळतात तो भाग’ एवढीच ठेवली आहे.

जाताना काही गोष्टी पाळाव्यात. पाण्याची बाटली न्यावी आणि रिकामी परत आणावी. देवळात, मशिदीत, लेण्यात तेथल्या रीतीने वागावे. भिंतीवर नाव लिहू नये. तळेगाव-चाकण रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ फार, तेव्हा लहान मुलांना घेऊन दुचाकीवर जाऊ नये, बस बरी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गावात पोहोचल्यावर मोबाईलला वाट विचारण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावी. मोबाईल वाट सांगेल, पण गोष्ट तो म्हातारा सांगेल.

गावांनीही थोडे करावे. मोठा निधी, भव्य स्मारक, रोषणाई हे सारे केव्हा व्हायचे तेव्हा होवो. तोवर फाट्यावर एक सुवाच्य पाटी, जागेवर चार ओळींची दुसरी पाटी, बसायला एक सावलीची जागा आणि ‘माहितीसाठी येथे विचारा’ असे एखाद्या घराच्या दारावर लिहिलेले, एवढे ग्रामपंचायतीला, तरुण मंडळाला, शाळेला सहज जमेल. परिसरातल्या कारखान्यांनी एकेका जागेची झाडलोट अंगावर घेतली तर त्यांच्या फाटकावरच्या पाटीपेक्षा ती पाटी अधिक दिवस लोकांच्या लक्षात राहील.

त्या वर्षअखेरीस मी आठवीला पुन्हा तोच विषय दिला, ‘माझे गाव’. लातूर होते, परभणी होती, गोरखपूरची आमराई होती, आणि असायलाच हवी होती. मुळाचे गाव विसरावे असे मला कधीच वाटले नाही. पण या वेळी नऊ-दहा वह्यांत चाकण होते. एका मुलीने तर दोन्ही लिहिले होते, ‘मला दोन गावे आहेत.’

आणि तो मुलगा? त्याने पावणेदोन पाने लिहिली होती. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. फिरंगोजीच्या सैन्याचा आकडा त्याने आपल्या मर्जीने वाढवला होता. पण शेवटचा परिच्छेद मी आजही विसरलेले नाही. त्याचे वडील बारा वर्षे चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी-दिवसपाळी करीत होते आणि त्यांनीही किल्ला कधी पाहिला नव्हता. म्हणून एका रविवारी याने त्यांना तेथे नेले. त्याने लिहिले होते, ‘पप्पांनी विचारले, हे तुला कोणी सांगितले? मी म्हणालो, मला माहीत आहे, मी इथला आहे.’

लाल पेनाने मी एकही चूक दुरुस्त केली नाही.